अध्यक्षांचा आठ आणि माईंचा गुडघा

माईंच्या गुडघ्यासाठी परसात पोहण्याचा तलाव बांधायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून घरात गुडघा सोडून बाकी सगळ्यावर चर्चा सुरू झाली.

डॉक्टरांनी माईंना स्पष्ट सांगितलं होतं, "तीन महिने रोज अर्धा तास सलग पोहा. भिंतीला पाय मारून वळणं जितकं कमी तितकं बरं, तेव्हाच गुडघ्यावर ताण येतो. फरक पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन." माईंना ऑपरेशनचं नुसतं नावही नको होतं. म्हणून त्यांना तलाव हवा होता लांब आणि सरळ. बाकी काही नको. नदीकाठी वाढलेली बाई, तिला पाण्याची भीती कसली!

पण माईंचं ऐकतो कोण? यजमान म्हणजे अध्यक्ष. सोसायटीचे, वाचनालयाचे, आणखी कसकसले अध्यक्ष राहून राहून त्यांना घरातही सगळे अध्यक्षच म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. त्यांनी जेवणाच्या टेबलावर सभा भरवली. सुनेने माहितीपत्रक उघडून किडनीच्या आकाराचा तलाव दाखवला.

"गुडघ्याचं दुखणं काय कमी आहे, म्हणून आता घरात किडनी आणायची?" अध्यक्ष म्हणाले. त्यांना इंग्रजी आठाचा आकार हवा होता. का, तर तसा आसपास कोणाकडे नाही. मुलाला काटकोनातला हवा होता, कारण कोपऱ्यात खुर्च्या टाकून बसता येतं.

"मला जरा लांब..." माईंनी तोंड उघडलं.

"माई, तुम्हाला काय, कठडा धरून उभं तर राहायचंय!" सून म्हणाली. वाईट मनाने नव्हे हो, अगदी प्रेमाने म्हणाली. म्हणूनच माईंना जास्त राग आला.

तलाव खणणाऱ्या कंत्राटदाराची एक पद्धत होती. तो आधी गवतावर जाड दोरी टाकून ठेवायचा. "आठ दिवस हिच्याबरोबर राहून बघा," तो म्हणाला. "हवी तशी सरकवा. आठव्या दिवशी मी दोरीवरून चुन्याची फक्की टाकणार. एकदा फक्की पडली की खड्डा तिथेच. मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही."

झालं! सकाळी सून दोरीची किडनी करायची, दुपारी मुलगा काटकोन करायचा आणि संध्याकाळी अध्यक्ष काठीने ढोसून ढोसून तिचा आठ करायचे. कुंपणापलीकडचे शेजारीसुद्धा फुकटचं मत देऊन जायचे. माई कपडे वाळत घालायला गेल्या की दोरीच्या आत उभं राहून अंदाज घ्यायच्या. आठाच्या पोटात सहा हात मारले की भिंत. परत सहा हात, परत भिंत. चार दिवसांत गुडघ्याची पार वाट लागली असती. तसं सांगायला गेल्या तर अध्यक्ष वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "लेखी दे, पुढच्या सभेत घेऊ." माईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तलाव माझ्यासाठी, आणि मीच लेखी देऊ?

आठव्या दिवशी कंत्राटदार फक्कीची बादली घेऊन हजर झाला. खणायचं यंत्र दारात घरघरत होतं.

"आकार वरूनच कळतो," असं म्हणून अध्यक्ष मुला-सुनेला घेऊन गच्चीवर गेले. माईंना जिना चढवत नव्हता, त्या खालीच राहिल्या. वरून तिघांनी एकदम ओरडायला सुरुवात केली, पण यंत्राच्या आवाजात शब्द कळेल तर शपथ.

"वहिनी, काय म्हणतायत?" कंत्राटदाराने विचारलं.

माईंनी वर पाहिलं. सून हाताने बाक दाखवत होती, मुलगा हवेत काटकोन कापत होता आणि अध्यक्ष दोन्ही हातांनी आठ काढत होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी अध्यक्षांचा निरोप एका शब्दानेही बदलला नव्हता.

"सरळ करा म्हणतायत," माई म्हणाल्या. "इथून थेट कुंपणापर्यंत."

"एवढे हातवारे करून एवढंच?"

"त्यांना सविस्तर सांगायची सवय आहे."

दोरीचं एक टोक माईंनी धरलं, दुसरं कंत्राटदाराने ओढलं. बघता बघता किडनी, काटकोन, आठ सगळं गेलं आणि गवतावर लांबलचक चौकोन उमटला. त्यावर भराभर फक्की पडली. तेवढ्यात जिन्यावर धावपळ ऐकू आली आणि अध्यक्ष एकाच पायात चप्पल घालून धापा टाकत आले.

"हे काय? हा... हा काय आकार झाला? कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं," माई म्हणाल्या. "दर सहा हातांनी भिंत आली तर गुडघा जाईल माझा. ऑपरेशन काय तुम्ही करून घेणार आहात?"

अध्यक्षांनी त्या पांढऱ्या रेषेवरून कुंपणापर्यंत नजर नेली, परत आणली आणि बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "तुला पोहता येतं?"

"येतं," माई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडूच फुटलं.