वहिनीचं काळं नाणं

"काळं! काळं पडलं!"

तळ्याकाठच्या गर्दीत आधी एकच जण ओरडला, मग सगळा गाव ओरडायला लागला. बायकांनी पोरांना मागं ओढलं. पुरुषांचे हात कमरेच्या सुऱ्यांकडे गेले. मधोमध देवऋषी वेपोगेन उभा होता. डोक्यावर हरणाची शिंगं, अंगावर पिसं लावलेली घोंगडी, आणि दोन बोटांत उंच धरलेलं चांदीचं नाणं. त्यावरचा घोडा दिसेनासा झाला होता. नाणं कोळशासारखं काळं पडलं होतं.

ते नाणं माझ्या वहिनीचं होतं.

आम्ही इकेनी. ब्रिटनच्या पूर्वेला, समुद्र आणि दलदल यांच्या मधल्या जमिनीवर राहणारे. रोमच्या फौजा तेव्हा आमच्याकडे फिरकल्या नव्हत्या. नाणी आमची स्वतःची होती, एका बाजूला रानडुक्कर, दुसऱ्या बाजूला घोडा. घोडा म्हणजे आमचा जीव, आणि त्या हिवाळ्यात घोडेच मरत होते. धडधाकट घोडी अचानक गोल गोल फिरायला लागायची, कुंपणाला डोकं दाबून उभी राहायची, डोळे पिवळे पडायचे आणि एका सकाळी मरून पडलेली सापडायची. बघणाऱ्याला वाटणारच, अंगात काहीतरी शिरलंय.

तळ्यातल्या देवीला आम्ही आई म्हणायचो, आणि तिच्या नावानं बोलणाऱ्या वेपोगेनला हे आयतंच मिळालं. "कुणीतरी तळ्याच्या आईला दुखावलंय," तो म्हणाला. "घरटी एक नाणं आणा. ओल्या शेवाळात गुंडाळून रात्रभर आईच्या उशाशी ठेवू. ज्याच्या घरात पाप, त्याची चांदी ती काळी करील." मग प्रत्येक नाणं त्यानं स्वतःच्या हातानं गुंडाळलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता हे बालंट वहिनीवर का आलं, ते मला कळत होतं. वसंतात वेपोगेननं तिची पांढरी घोडी मागितली होती, आईला वाहायला. माझा मोठा भाऊ गेल्यापासून घर आणि घोडे तीच सांभाळायची. तिनं त्याला दारातच विचारलं होतं, "घोडीवर आई बसणार, की तू?"

"सेनोवारा!" आता तो गरजला. "आईनं तुझं नाव घेतलंय. दलदल तुझी वाट बघतेय."

दलदल म्हणजे काय, ते लहान पोरालाही ठाऊक होतं. हातपाय बांधायचे, चिखलात ढकलायचं आणि वरून काट्यांचा भारा दाबायचा.

"माझ्या दोन घोड्या खाल्ल्यास गं, सटवे!" मातुगेना आजी किंचाळली. घोड्यांवर तिची माया पोटच्या पोरांइतकी होती.

मी वहिनीचा दंड धरला. "वहिनी, मागच्या वाटेनं घोडं काढतो. पळ."

"पळाले तर तो म्हणतो तेच खरं ठरेल. सोडा हात, भावजी."

ती सरळ पुढं गेली. तिच्या नाण्याभोवतीचं शेवाळ वेपोगेननं फेकून दिलं होतं, ते तिनं उचललं आणि हुंगलं. मग शेजारच्या घराचं शेवाळ उचलून हुंगलं.

"माझ्याच शेवाळाला सडक्या अंड्याची घाण का येते रे, वेपोगेन?"

"पापाला घाण येतेच!"

गर्दीनं माना डोलावल्या.

"बरं. मग पाप या शेवाळात आहे, की माझ्या नाण्यात?"

"नाण्यात! तुझ्या पापी हाताच्या नाण्यात!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी? नाण्यात. मग चांगल्या माणसाचं नाणं याच शेवाळात घातलं तर पांढरं राहायला हवं. काढ तुझं."

वेपोगेनचा हात गळ्यातल्या नाण्यांच्या माळेकडे गेला आणि थांबला. "आईची परीक्षा घ्यायची नसते!"

"आईची कोण घेतंय? तुझी घेतेय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. भीतीनं घट्ट झालेल्या त्या गर्दीत ते हसू कुणाचं होतं, अजून मला माहीत नाही. पण त्याचं मी देणं लागतो.

आमचा सरदार मोरिवास पुढं आला. गडी शहाणा, पण देवऋषीला टरकून असायचा. त्यानं एक कोरं नाणं काढलं. "माझं घ्या. माझ्या घरात पाप नाही, हे आज सकाळी आईनंच सांगितलंय."

"माझंही घाल," मातुगेना आजी म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघू दे. मग मीच तुला ढकलीन."

दोन्ही नाणी त्या घाणेरड्या शेवाळात गेली. स्वच्छ शेवाळात वहिनीनं आपलं दुसरं नाणं ठेवलं. सगळं सपाट दगडावर, सगळ्यांसमोर. वेपोगेन मात्र गप्प बसेना. तो घुमला, थरथरला, जमिनीवर लोळला. एक कावळा आला तर म्हणाला, आईचा साक्षीदार आला. कावळा उडाला तर म्हणाला, साक्ष झाली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा मोरिवासनं स्वतः शेवाळ उलगडलं. त्याचं नाणं काळं. आजीचं काळं. वहिनीचं लखलखीत पांढरं.

"बघा, बघा!" वेपोगेनच्या तोंडून निघून गेलं. "सरदारही पापी! म्हातारीही पापी!"

"काय म्हणालास?" मोरिवास म्हणाला.

"मेल्या!" आजी काठी उगारून धावली. "दर हिवाळ्यात तुला मेंढीचं मांस कोण पोचवतं? तेव्हा नाही दिसलं माझं पाप?"

"तसं नव्हे, आजी... पाप शेवाळातून चढलं."

"मघाशी तर नाण्यात होतं," वहिनी म्हणाली. "आता चढायला लागलं? पाप आहे की ताप?"

या वेळी बरेच जण हसले. वहिनी मात्र हसली नाही. ती तळ्याच्या काठावर गेली, बोरूच्या मुळांशी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर काळा चिखल वर काढला. भप्पकन तीच घाण सुटली.

"हा वास ओळखता? बायांनो, घोंगडी टाचायचा चांदीचा काटा कधी या चिखलात पडला नाही का तुमचा? सापडला तेव्हा कसा होता?"

खांद्यावरच्या काट्यांकडे बायकांचे हात गेले. "काळा," एकजण हळूच म्हणाली. मग दुसरी म्हणाली. निम्म्या गावानं हे पाहिलेलं होतं, आणि सकाळपासून एकालाही आठवलं नव्हतं. मलाही नाही.

तेवढ्यात वेपोगेन गर्दीतून सटकायला बघत होता. मी त्याची घोंगडी धरली. आतल्या घडीत कातड्याची ओली पिशवी होती. मी ती सगळ्यांसमोर उलटी केली. तोच चिखल, तोच वास. वहिनीनं त्याच्या माळेतलं नाणं तोडून त्यात खुपसलं. थोड्या वेळानं बाहेर काढलं. काळं! मग चुलीतली राख मागवली, लोकरीच्या चिंधीवर घेऊन ते घासलं. घोडा परत दिसायला लागला.

"घ्या," ती म्हणाली. "धुतलं पाप. चिमूटभर राखेनं."

मग गाव खवळला. सकाळी तिला बुडवायला निघालेलीच माणसं आता वेपोगेनचे हात बांधायला लागली. वहिनी आडवी आली.

"याला बुडवाल, तर सकाळची चूक दुपारी करताय. बुडवायचं नाही. कुणालाच नाही."

त्याला नुसतं गावाबाहेर घालवलं. शिंगं इथंच राहिली.

मग आजीनं खरा प्रश्न विचारला. "ते ठीक गं बाई. पण माझ्या घोड्या कशानं मेल्या?"

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली.

त्या दिवसातलं सगळ्यात धाडसाचं वाक्य मला हेच वाटतं. देवऋषीकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. हिच्याकडे नव्हतं, आणि तसं सांगायला ती लाजली नाही.

त्यानंतरही घोडे मेले. लोक कुजबुजायला लागले, काहीजण चोरून तळ्यात नाणी टाकून आले. वहिनी मात्र गोठ्यागोठ्यांतून फिरत राहिली. शेवटी आजीच्याच वाळक्या गवतात तिला एका पिवळ्या फुलाच्या झाडाची वाळलेली देठं सापडली. "कुरणात घोडी याला तोंड लावत नाही," आजी म्हणाली, "कडू असतं." मग तिनंच एक देठ चावून पाहिलं आणि थुंकून टाकलं. "वाळल्यावर तितकं कडू लागत नाही गं. गवताबरोबर पोटात जात असणार." ती देठं ज्या घरांनी वेचून काढली, तिथं मरणं हळूहळू थांबली. ज्यांनी नाही काढली, तिथं चालू राहिली. मग सगळ्यांनीच काढली.

वेपोगेन दलदलीपलीकडच्या गावात नवी शिंगं घालून बसलाय असं कानावर आलं, तेव्हा आम्ही दोघं त्या काळ्या चिखलानं भरलेलं मडकं घेऊन तिथं गेलो. त्यानंतरही अशा बऱ्याच गावांत गेलो. काही ठिकाणी दगड खाल्ले.

तिथं आम्ही सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. देवाला नमस्कार करायचा असेल तर करा. पण देवाच्या नावानं कुणी शेजारणीकडे बोट दाखवलं, तर माना डोलावू नका. उठून उभे राहा आणि त्याला म्हणा, पुन्हा करून दाखव. आत्ता, उजेडात, आमच्या हातांनी.