जांभळा बोका

आत्याचा बोका हरवला, तेव्हा गल्लीभर चिकटवलेल्या कागदांवर तिने दादाचा ईमेल दिला. आज दुपारी प्राण्यांच्या डॉक्टरांचा मेल आला: "एक बोका आणून दिलाय. फोटो जोडला आहे. तुमचाच का? दुसरं एक कुटुंब न्यायला तयार आहे. दवाखाना बंद होईपर्यंत थांबतो."

आत्या दादाच्या खुर्चीमागे उभी राहिली. "दाखव."

दादा मेलसकट सगळं काम काळ्या टर्मिनलमधल्या, नुसती अक्षरं दाखवणाऱ्या एकाच एडिटरमध्ये करतो. तिथे फोटोच्या जागी रिकामी चौकट आली.

"हा माझा नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, ही चौकट आहे. या एडिटरला चित्रं दिसत नाहीत. दिसतील असा तो पुन्हा कम्पाइल करतो, म्हणजे नव्याने बांधतो."

"माझ्या मोबाइलवर ढकल की," मी म्हणालो.

"एका फोटोसाठी एडिटरच्या बाहेर जायचं?" दादाने हे अशा आवाजात विचारलं, की मलाच लाज वाटली.

मग त्याने तात्पुरती सोय म्हणून फोटो अक्षरं आणि विरामचिन्हं मांडून उमटवला. आत्याने चष्मा लावून बोका वाचायला घेतला. "कान त्याचेच वाटतात. पण शेपटीत स्वल्पविराम फार आहेत."

दादाने एडिटर नव्याने कम्पाइल करायला लावला. पडद्यावर ओळी धावल्या आणि शेवटी एक लाल ओळ आली: डिस्प्ले सापडला नाही.

"म्हणजे गेला का रे तो?"

"नाही गं. एडिटरला स्क्रीन कुठे आहे ते कळत नाहीये."

"त्याच्या समोरच तर आहे."

"ते त्याला सांगावं लागतं."

आत्याने पिशवी उचलली, चपला घातल्या आणि निघून गेली. दादाला पत्ता नव्हता. तो एडिटरची समजूत घालत होता.

दिवेलागणीला ती परतली. डॉक्टर शटर ओढत होते, आणि ते कुटुंब नवीकोरी टोपली घेऊन दारातच उभं होतं, म्हणाली. पिशवीतून बोक्याने डोकं बाहेर काढलं. तेवढ्यात पडद्यावर खिडकी उघडली आणि फोटो आला. त्यातला बोका जांभळा होता.

दादाने दोन्ही बोक्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "आत्या, हा तो नाही."

"रंग बिघडलाय तुझा."

"आणि बरोबर असला तर?"

"तर उद्या हा परत करते आणि जांभळा घेऊन येते."

दादाने विचार केला. मग म्हणाला, "त्याला जरा स्क्रीनशेजारी धरतेस? रंग जुळवतो."

आत्याने धरला. खाली ठेवायची तिची तशीही तयारी नव्हती.