गेथिन टोपीवाल्याचं मत

पेनहेलीचे खासदार मेले ते जिंकल्यामुळे. विजयी उमेदवाराला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवायची आमच्याकडे रीत आहे. खांदेकरी प्यायलेले होते, पूल अरुंद होता आणि नदीला पाणी कमी होतं. म्हणून १८६१च्या मार्चमध्ये पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी पुन्हा दांडकी बाहेर काढली.

निळ्या पक्षाचे उमेदवार कर्नल प्यू, म्हणजे जमीनदाराचे मेहुणे. पिवळ्यांचे प्रोथेरो, लोकरीचे व्यापारी आणि आमच्या चॅपलचे, म्हणजे आमच्याच प्रार्थनामंदिरातले. माझे बाबा, गेथिन टोपीवाले, चॅपलचे पंच. त्यांचं मत कुणाला हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. घर मात्र जमीनदाराचं. त्या घराचं भाडं वर्षाला दहा पौंड, म्हणून तर बाबांना मताचा हक्क. आणि हक्क मनासारखा वापरला की घर जाणार. कायदा लिहिणारा माणूस मजेशीर असावा.

"इदवाल, बापाला समजाव," जमीनदाराचा कारभारी क्रॅडक मला आठवडाभर आधीच म्हणाला होता. "नेस्टचे दिवस भरत आलेत ना? बाळाला छप्पर लागतं." नेस्ट माझी बायको.

मतदानाच्या सकाळी निळ्यांनी बाबांना उचललं आणि 'लायन' गुत्त्याच्या दारूच्या तळघरात कोंडलं. चारला मतदान संपलं की सोडणार. वर त्यांच्या छातीवर कोबीएवढं निळं फूल टाचलं.

आम्ही चॅपलचे तीस जण सोडवायला निघालो. आधी प्रार्थना केली, मग दार फोडलं. आत अंधार. सगळ्यांत पुढे हौएल लोहार. त्याला फक्त निळं फूल दिसलं. त्याने दांडकं फिरवलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"अरे, गेथिन! तू होय!" हौएल म्हणाला. "आधी बोलायचं नाही का?"

बाबांचा जबडा डाव्या कानाकडे गेला होता.

बाहेर येतो तर निळे उभेच. मग रस्ताभर मारामारी. एकाने हौएलचा अर्धा कान चावून तोडला आणि थुंकताना म्हणाला, "खारट आहे." आमचे पाद्री स्टुलाच्या पायाने लोकांची डोकी फोडत होते आणि प्रत्येक टोल्यानंतर देवाची क्षमा मागत होते, क्षमेपायी त्यांचा वेग कमी पडत होता. माझ्या दोन बरगड्या गेल्या. त्या धुमश्चक्रीतून बाबांना ओढत मी मतदानाच्या मचाणावर चढवलं तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

बाबांनी पिवळ्या झेंड्याकडे बोट दाखवलं.

"उमेदवाराचं नाव तोंडाने सांगायचं. सगळ्यांना ऐकू येईल असं. खुणा चालत नाहीत."

"तोंड मोडलंय त्यांचं!" मी ओरडलो.

"ते दिसतंय. नियमात नाही."

शेजारी क्रॅडक वही घेऊन उभा होता. तो अगदी प्रेमाने म्हणाला, "प्यू म्हणा, गेथिन. एवढुसं तर नाव. फार दुखणार नाही. घरही राहील."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या जबड्याखाली ठेवले. तो हातात लोंबत होता, गरम आणि ओला. मला नेस्ट दिसत होती, खिडकीशी झबली शिवताना. हात काढून घेतले असते तर कुणी मला दोष दिला नसता. बरगड्यांचं निमित्त होतंच.

मी जबडा वर दाबला. आत काहीतरी कडकडलं.

"प्रो... थे... रो."

नोंदवहीवर रक्त सांडलं. कारकुनाने ते टिपकागदाने टिपलं आणि शेजारी नाव लिहिलं. क्रॅडकनेही लिहिलं.

प्रोथेरो एकोणीस मतांनी पडले.

पंचवीस मार्चला क्रॅडक चार माणसं घेऊन आला. पलंग, टोप्यांचे साचे, पाळणा, सगळं चिखलात. नेस्ट दारात उभी होती, तिला दंडाला धरून बाजूला केलं. मग क्रॅडक मला म्हणाला, "नुसते हात काढायचे होतेस रे."

मी लाकडी साचा उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. दुसऱ्यांदाही घातला, त्याची काही गरज नव्हती. सहा महिन्यांची सजा झाली.

मे महिन्यात बाबा तुरुंगात भेटायला आले. जबडा वाकडा जुळला होता. हौएलच्या भट्टीमागच्या खोलीत नेस्टला मुलगी झाली होती.

"तिथे ऊब आहे," ते सावकाश म्हणाले. "हौएल फार मवाळ वागतो. वैताग आणतो."



"तुझे हात थरथरत होते त्या दिवशी," बाबा म्हणाले.

"तुमचा जबडा थरथरत होता."

"असेल," ते म्हणाले, आणि गजांतून मला पावाचा तुकडा दिला.