मार्गारेटची सुई आणि साहेबाचा कान

मी क्रोशाची सुई बोलतेय. दुकानातली चकचकीत, नंबर कोरलेली, प्लॅस्टिकच्या पाकिटातली नव्हे. मला नंबर नाही. मी सायकलच्या चाकातली तार होते. वसईच्या वाड्यांतून केळीचे लोंगर वाहता वाहता एका उन्हाळ्यात मोडले. मोडक्या तारेचं लोक काय करतात? कुंपणाला गुंडाळतात, नाहीतर भंगारवाल्याला देतात. मार्गारेटनं मला कानस लावली.

मार्गारेट शाळेत फारशी गेली नाही. मठातल्या सिस्टर मुलींना लेस विणायला शिकवायच्या, पण वाडीला पाणी लावायचं सोडून हिला तिकडे पाठवणार कोण? ही दर रविवारी देवळात, म्हणजे तुमच्या भाषेत चर्चमध्ये, दुसऱ्या बाकावर जाऊन बसायची. सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि हिचे वेदीवरच्या लेसवर. एक टाका डोक्यात भरून घरी आणायचा, आठवडाभर माझ्याकडून गिरवून घ्यायचा, पुढच्या रविवारी पुढचा. फादरना वाटायचं, काय भाविक बाई! भाविक होतीच. फक्त डोळे उघडे ठेवून होती.

तेव्हा माझ्यापुढे कोणी शिक्षणाचा तोरा मिरवू नये. आम्ही दोघी कोणाच्या पायाशी बसून शिकलेल्या नाही.

पुढे मार्गारेटची बोटं आखडली. सांधे सुजले, डोळ्यांत मोतीबिंदू आला. वेदीच्या कापडाची लेस तेव्हा निम्मी झाली होती. द्राक्षांचे घोस आणि मध्ये गव्हाच्या ओंब्या, असा नमुना. देवळाच्या सणाला ते कापड वेदीवर चढायचं होतं. तिनं मला आपल्या लेकीच्या, सेलिनच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाय, उरलेली तू पुरी कर. पण याच सुईनं कर. दुसरी सुई लावलीस तर टाका बदलेल, आणि ही आंधळी झालेली म्हातारीसुद्धा ओळखेल."

ही दोन हजार एकची गोष्ट. सेलिनचं वय चाळिशीच्या घरात. लग्न केलं नाही. का केलं नाही, याची चौकशी अख्ख्या गावानं करून झाली आहे, तुम्ही करू नका.

सेलिन कामणच्या एका गोडाऊनमध्ये नोकरीला होती. ट्रक यायचे, माल उतरायचा, दुसरा माल चढायचा, आणि कुठला माल कुठे गेला त्याची चलनं ही काढायची. तिचं टेबल बरोबर दारात. ट्रकचा धूर आधी तिच्या नाकात जायचा, मग बाहेर. आत काचेच्या केबिनमध्ये पंख्याखाली मॅनेजर, चंद्रहास. विरारच्या मनवेलपाड्याहून यायचा, केसांना तेल आणि जिभेला साखर लावून. सेलिनहून दोनेक वर्षांनी लहान असेल, पण हाक मारायचा 'आंटी'.

"आंटी, आज शिपाई नाय आला. तेवढा चहा टाका ना. तुमच्या हातची टेस्टच वेगळी."

चहा टाकायची. संध्याकाळी सुटायची वेळ झाली, हिनं पर्स खांद्याला लावली की हा केबिनचं दार किलकिलं करायचा. "आंटी, एक गाडी राहिलीय. पाच मिनिटांचं काम." त्या पाच मिनिटांत वसईची एसटी निघून जायची. पुढची येईपर्यंत बाई रस्त्याच्या कडेला धूळ खात उभी. आणि तोंडानं काय म्हणायची? "हो सर." माझा जीव जळायचा तिच्या पर्समध्ये! अगं, जीभ आहे ना तुला? तुझ्या आईनं तारेला धार लावली, तुला नाही लावता आली?

पण तिनं एक तोडगा काढला होता. बसमध्ये खून, घरी द्राक्षं.

खून म्हणजे रहस्यकथा. वसईला जयरामचं छोटं वाचनालय होतं, तिथून ती आठवड्याला पुस्तकं न्यायची. बंगल्यात खून, बोटीवर खून, खाणावळीत खून. पहिल्या पानावर जो मरून पडलेला असेल त्याला ती चंद्रहासचा चेहरा द्यायची. मग एसटी खड्ड्यांतून कितीही आदळो, बाई खुशीत. घरी पोचली, जेवण उरकलं की मला हातात घ्यायची. एकेक टाका मोजत: साखळी, खांब, खांब, साखळी. पहिल्या दोन ओळी कचकचीत घट्ट यायच्या. त्या दिवसभराच्या. त्या उसवायच्या आणि मग हात सैल झाला की खरं विणकाम सुरू. माझ्या मानेवर तिचा राग मी रोज असा झेललाय. तुम्ही म्हणाल, छान तोल साधला होता बाईनं. कसला तोल! भांडं उतू जात होतं आणि ही रोज फडक्यानं ओटा पुसत होती.

सण जवळ आला तशी ती मला कामावर न्यायला लागली. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून थोडं विणायची. सुट्टी तिची, दोरा तिचा, सुई तिची. एक दिवस चंद्रहास मागे येऊन उभा राहिला.

"आंटी, हे काय? घर समजलात काय?"

"सर, जेवणाची सुट्टी आहे."

"गोडाऊनमध्ये टोकदार वस्तू अलाऊड नाय. कोणाला लागलं तर जबाबदारी कोणाची? द्या इकडे." आणि हात पुढे केला. सभोवती हमाल हातातले आकडे घेऊन उभे होते. गोणी उचलायचे लोखंडी आकडे, एकेक माझ्या पन्नासपट टोकदार! एकालाही हसू आवरेना. आणि सेलिननं मला उचलून त्या हातावर ठेवलं. लेसमधून मला ओढून काढलं तेव्हा शेवटचा फास सुटून लोंबकळत राहिला.

ड्रॉवरमध्ये रबरबँड, सुपारीची पुडी, मोडकं स्टेपलर आणि मी. वर कुलूप.

तिथे माझे काय हाल झाले ते ऐकवते. चलनांच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की त्यात मला खुपसायचं. तिथेच माझी मान जराशी वाकली, ती आजही वाकडीच आहे. चहाच्या गाळणीतली पत्ती माझ्यानं काढायची. आणि दुपारी डोळा जड झाला की साहेब खुर्ची मागे रेलायचा, मला उलटी धरायचा आणि कान कोरायचा. कान! ज्या सुईनं वेदीसाठी द्राक्षं विणली तिच्या शेपटाला चंद्रहासच्या कानातला मळ! देवाची दया म्हणून आकड्याच्या बाजूनं नाही घातली. मला हलता आलं असतं तर दया मी दाखवली नसती.

सेलिन एकदाच विचारायला आली, तीही दारातून. "सर, माझी ती सुई…"

"बघू. आधी संध्याकाळच्या गाड्या निघू द्या."

"हो सर." गेली.

पुढचं मला लेसनं सांगितलं. लेस खोटं बोलत नाही, तिला येतच नाही. सेलिननं वसईच्या बाजारातून नवी सुई आणली आणि तीन घोस विणले. आईला काही सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी मार्गारेट म्हणाली, "दे बघू, कुठवर आली?" लेस मांडीवर घेतली, आखडलेली बोटं एका टोकाकडून सरकवत आणली आणि थांबली.

"ही माझी सुई नाय."

"आई, तीच आहे गं."

"बाय, डोळे गेलेत माझे. बोटं आहेत. इथून पुढे द्राक्षं पचपचीत झालीत. सुई कुठे आहे?"

सेलिननं सांगितलं. सगळंच सांगितलं, आंटीपासून चहापर्यंत.

"सायबानं घेतली. आणि तू दिलीस?"

"नोकरी आहे आई. तुला कळत नाही."

"मला नाय कळत? तुझा बाबा लोंगर घेऊन बाजारात जायचा, तिथला दलाल एक लोंगर फुकट काढून ठेवायचा. रोज. तुझा बाबा हसायचा. मी एकदा बरोबर गेले, तो लोंगर दलालाच्या हातातून घेतला आणि सायकलवर परत बांधला. दलाल मेला नाय, आम्हीही मेलो नाय. उद्या मला एसटीत बसव. कामण कुठे आहे ते बघते."

"आई, तू कुठे येतेस या पायांनी!"

"मग तू जा तुझ्या पायांनी."

दुसऱ्या दिवशी सेलिन गेली, पण केबिनमध्ये नाही. मुकाट टेबलाशी बसली. वाटलं असेल, अजून थोडं थांबू, आपोआप सुटेल. तिच्या पुस्तकांत सुटायचं ना आपोआप! शेवटी कोणीतरी हुशार माणूस सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करायचा आणि बोट दाखवायचा. त्या संध्याकाळी एसटीत ती शेवटच्या प्रकरणाला आली. सगळे दिवाणखान्यात जमले, हुशार माणूस उठून उभा राहिला, आणि पुढची पानं गायब. कोणीतरी फाडून नेलेली.

बाई उतरली ती तडक वाचनालयात. जयराम शटर ओढत होता.

"जयरामभाऊ, शेवटची पानं कुठायत?"

"अरे देवा, याच्यातली पण? अहो, कोणी पोराबाळांनी फाडली असतील. दुसरं देऊ का?"

"दुसरं नको! खुनी कोण ते सांगा!"

"मी कुठे वाचतो? मी फक्त शिक्के मारतो." त्यानं शटर खाली ओढलं. "तुम्हीच ठरवा ना. इतकी वाचलीत, एवढं नाही कळत कोण आहे ते?"

हे सगळं तिनं पुढे आईला हसत सांगितलं, तेव्हा मी तिच्याच हातात होते. पण त्या संध्याकाळी ती हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी. चंद्रहास खुर्चीत रेललेला, डोळे अर्धे मिटलेले, मी त्याच्या डाव्या कानात. केबिनचं दार धाडकन उघडलं. आत येऊ का, असं तिनं आज विचारलं नव्हतं.

"काढा ती कानातून."

चंद्रहासनं डोळे उघडले. "काय?"

"माझ्या आईची सुई आहे ती. वेदीची लेस विणतात तिनं. कानातून काढा."

"आंटी, आवाज खाली…"

"आंटी तुमच्या घरी! माझं नाव सेलिन. मॅडम म्हणायचं नसेल तर नुसतं नाव घ्या." दार उघडंच होतं. बाहेर गोणी खाली ठेवून हमाल उभे राहिले होते. "टोकदार वस्तू चालत नाही ना? मग तुमच्या कानात कशी चालते?"

बाहेर कोणीतरी खो-खो हसलं. साहेबाचा चेहरा तांबडालाल. "एवढ्याशा तारेसाठी तमाशा करताय?"

"एवढीशी तार आहे, तर तिला कुलपात ठेवायला तुम्हाला लाज नाही वाटली? आणि ऐका. चहा शिपायानं करायचा. तो नसेल त्या दिवशी तुम्ही करा, तुमच्याही हातची टेस्ट कळू दे. आणि सुटायच्या वेळेला मी सुटणार."

शेवटी शेवटी ती घरच्या बोलीवर आली. वसईच्या वाडीतली बोली, त्याला एक अक्षर कळलं नसेल. अर्थ मात्र पोचला. त्यानं मला टेबलावर ठेवलं. तिनं रुमालात उचलून नेलं, बाहेरच्या नळाखाली साबण लावून घासलं, पुन्हा साबण लावला, आणि तिथेच पायरीवर बसून शिल्लक सुट्टीत मला पर्समधल्या दोऱ्याला लावलं. एक घोस सुटाच विणला, तो असा घट्ट की दोरा करकर वाजत होता.

नोकरी गेली नाही. पण त्याच आठवड्यात तिचं टेबल दारातून उचलून पार गेटपाशी ठेवलं, पत्र्याच्या शेडखाली. तो तिच्याशी कामापुरतंही सरळ बोलेना. मी गोड शेवट सांगायला बसलेली नाही. सुटायच्या वेळेची एसटी मात्र तिला रोज मिळाली. गेटपासून थांबा जवळच होता.

नव्या सुईचे तीन घोस तिनं एका बैठकीत उसवले. फर्र फर्र आवाज येत होता आणि मार्गारेट मान डोलावत होती. मग तिची बोटं त्या पायरीवरच्या घोसापाशी आली. बाकीच्या घोसांपुढे तो आखडून मुठीएवढा झालेला.

"हा कुठे विणलास?"

"कामावर. त्याच दिवशी. थांब, हाही उसवते."

मार्गारेटनं लेस ओढून घेतली. "हात लावू नको. हा राहू दे. असाच जोड."

सणाच्या दिवशी कापड वेदीवर चढलं. मार्गारेटला धरून दुसऱ्या बाकावर बसवलं होतं. शेजारच्या बाईनं वाकून सेलिनला विचारलं, "मधला घोस लहान झाला गं. नजर चुकली काय?" उत्तर मार्गारेटनं दिलं, मिस्साची प्रार्थना चालू असताना, फादरनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात. "चुकला नाय. माझी लेक चिडली होती."

मार्गारेट पुढच्या वर्षी गेली. मी आता सेलिनच्या पुस्तकात खूण म्हणून असते, मान वाकडी, पोटाला थोडा गंज. कामावर जाताना ती मला पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवते, बाहेरून दिसेल अशी. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिनं विणा, उसवा, वाटलं तर रागानं करकचून ओढा. आमची मान घट्ट असते. फक्त कोणी हात पुढे केला म्हणून आम्हाला देऊन टाकू नका.