कोरडे हात

लग्न होऊन पेरिझात या घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट खटकली होती. तिचा नवरा कुबात आपल्या सख्ख्या आईला 'वहिनी' म्हणायचा. "वहिनी, चहा झाला का?" "वहिनी, माझी टोपी कुठे गेली?" तिला वाटलं, थट्टेत म्हणत असेल. पण कोपऱ्यावरच्या नळावर बादली भरता भरता शेजारच्या उरपियाकाकूंनी तिला वेड्यात काढलं.

"थट्टा कसली गं! त्याला आजीने वाढवलाय. पहिला मुलगा सासूच्या मांडीवर द्यायचा, ही आपली जुनी रीत. तो आजीला अपा म्हणायचा, आई म्हणून, मग आजीची सून ती त्याची वहिनी. आजी गेली तेव्हा चौदा वर्षांचा घोडा झाला होता. मग कुठली जीभ वळतेय?"

"तुमच्या शहरात नाही वाटतं असलं काही?" असंही काकूंनी वर विचारलं. पेरिझात बिश्केकमधल्या शिलाई कारखान्यातून आलेली, म्हणून नारीन भागातल्या या डोंगरी गावात तिला 'शहर' असंच नाव पडलं होतं. ती तेव्हा हसली होती.

आता तिचा एल्दियार चौदा महिन्यांचा होता आणि सासूच्या अंथरुणात झोपत होता.

सासूचं नाव बुरुल. सुनेने ते तोंडातून काढायचं नसतं, म्हणून पेरिझातही अपाच म्हणायची. अपाने मूल हिसकावून घेतलं, असं कुणी म्हणू शकलं नसतं. आठव्या महिन्यात पोराला खोकला झाला. अपाने पेरिझातचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला आणि झटक्यात सोडून दिला.

"हे हात आहेत की बर्फाच्या लाद्या? दिवसभर पाण्यात घालतेस आणि त्याच हातांनी पोराला घेतेस. खोकेल नाही तर काय करेल बिचारा!"

हात पाण्यातच असायचे, हे खरं होतं. नळावरून वीस बादल्या, मग चुलीवर पाणी तापवायचं, मग पत्र्याची परात आणि खाचांची फळी. घरातले कपडे, गाद्यांच्या खोळी, पडदे. दोन्ही नणंदा गावातच दिलेल्या, त्यांचीही गाठोडी शनिवारी न चुकता यायची. हिवाळ्यात दोरीवर घातलेल्या विजारी लाकडासारख्या ताठ व्हायच्या, आणि पेरिझातच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून त्यातून रक्त यायचं. ते हात पोराच्या गालाला लागले तर त्याला खरखरायचं, तो तोंड फिरवायचा. तेवढं एक तिला सहन व्हायचं नाही.

"अपा, आज माझ्याजवळ झोपू दे ना त्याला," ती म्हणायची.

"झोपू दे की. मी काय खाणार आहे त्याला? हात कोरडे झाले की घेऊन जा तुझा मुलगा. ज्या दिवशी कोरडे होतील, त्या दिवशी."

हात काही कोरडे व्हायचे नाहीत. दूध तुटलं. पोरगं बोलायला लागलं, ते अपाला 'अपा' म्हणत. आणि कुबातचं ऐकून ऐकून असेल, किंवा कुणी शिकवलंही असेल, एक दिवस त्याने पेरिझातकडे बोट करून नवा शब्द काढला. 'बायको'. सगळे पोट धरधरून हसले. अपाने त्याचा पापा घेतला आणि सुधारून दिलं, "बायको नाही रे राजा, वहिनी. म्हण, व-हि-नी."

मार्चमध्ये धाकट्या नणंदेची नारीन शहरात राहणारी जाऊ बाळंत झाली, तिचं सगळं करायला कुणी नव्हतं, म्हणून अपा बारा दिवसांसाठी तिकडे निघाली. एल्दियारला अर्थातच घेऊन. गाडीच्या काचेतून पोराने हात हलवला तो कुणाला, हे पेरिझातला नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायलेल्या मेंढ्यांसाठी गवत काढायला ती कोठारात गेली. मागच्या भिंतीला लागून जुनं खोगीर, फाटका लोकरी नमदा, तुटका पाळणा असा ढीग होता. गवताचा भारा ओढताना ढीग घसरला आणि खालून पांढऱ्या रोगणाचं काहीतरी चमकलं. तिने नमदा ओढून काढला. गोल पिंपासारखं कपडे धुण्याचं मशीन. वर झाकण, झाकणाच्या बाजूला कपडे पिळायचे दोन रबरी रूळ आणि त्यांना फिरवायचा दांडा. कधी कुणी फिरवलाच नसावा असा कोरा करकरीत दांडा.

कुबात शाळेची गाडी सोडून आला, तसं तिने त्याला हात धरून तिथे नेलं.

"हे होय!" तो हसला. "हे बाबांना बक्षीस मिळालं होतं. मी झालो त्याच वर्षी. शंभर मेंढ्यांमागे एकशे चाळीस कोकरं जगवली म्हणून सामूहिक फार्मने दिलं. बँड वाजवून आणलं होतं म्हणे."

"मग वापरलं का नाही?"

"आजी म्हणाली, मशीन धुणार तर सून काय करणार? वर भरतकामाचं कापड घालून बैठकीत ठेवलं. पाहुणे यायचे, हात लावून बघायचे. पुढे जुनं झालं, तसं इथे येऊन पडलं."

"आणि अपा?"

"वहिनी ना? ती बाहेर धूत बसायची." हे तो हसतच म्हणाला. मग त्याचं हसू जरा अडखळलं आणि तो उगाच खोगिराचा पट्टा चाचपत बसला.

"मी हे चालू करणार," पेरिझात म्हणाली.

"एकतीस वर्षं पडलंय गं."

"शिलाई मशीन पन्नास वर्षांची असतात, ती चालतात. नारीनच्या बाजारात मोटारीचा पट्टा मिळेल का बघ. मी माप देते."

कारखान्यात दोन वर्षं ती शिवायला कमी आणि मिस्त्रीच्या हाताखाली जास्त होती. मोटार म्हणजे मोटार, ती सुई फिरवो की पाणी. झाकण उघडून तिने आत वाकून पाहिलं. तळाशी, पाणी घुसळणाऱ्या चकतीवर, एक लहानसं गाठोडं होतं. सोडलं तर वाळून कोळपलेल्या धूपझाडाच्या डहाळ्या, आणि त्यांच्यात घडी घातलेलं एक वीतभर झबलं. पिवळं पडलेलं, कडा न दुमडलेल्या. तिने लगेच ओळखलं. जन्मलेल्या बाळाचं पहिलं झबलं कुण्या दीर्घायुषी म्हाताऱ्याच्या कपड्यातून शिवतात, त्याच्या कडा दुमडत नाहीत, आणि आधी कुत्र्याच्या अंगावर घालून मग बाळाला घालतात, सगळी पीडा कुत्र्यावर जावी म्हणून. चाळीस दिवस बाळ तेच घालतं. एल्दियारचंही होतं, अपाच्या पेटीत कुलपात.

हे कुबातचं. दुसरं कुणाचं असणार? तिने ते छातीशी धरलं आणि तिच्या मनात एक विचार आला, जो पुढचे आठ दिवस तिला ऊब देत राहिला. अपाला हे परत द्यायचं. मशीनबरोबर द्यायचं. ज्या बाईने एवढं जपून ठेवलं, तिला आईची माया काय असते हे सांगावं लागणार नाही.

ते आठ दिवस पेरिझातला सुखाचे गेले, हे कबूल केलंच पाहिजे. मेंढ्यांचं झालं की ती कोठारात. मोटार जाम झाली होती. तिने रॉकेल ओतून रात्रभर ठेवली आणि सकाळी हाताने कुरकुरवत फिरवली. दिवा जोडून आतली तारेची गुंडाळी तपासली, दिवा लागला, तशी ती एकटीच टाळी वाजवून हसली. कंडेन्सर मेला होता, तो कुबातच्या मित्राने पाण्याच्या पंपातला दिला. कुबात तीनदा चुकीचा पट्टा घेऊन आला.

"माप लिहून दिलं होतं ना?"

"दुकानदार म्हणाला, बायकोला विचारून ये, गाडी कुठली आहे."

"सांगायचं, बक्षिसाची आहे."

चौथा पट्टा बसला. चकतीच्या दांड्याभोवतीचं रबर कुजून गेलं होतं, तिथून सगळं पाणी मोटारीवर गळणार होतं. तसलं रबर आता कुठून आणणार? तिने जुन्या नमद्याची चकती कापली, मेंढीच्या शेपटाची चरबी वितळवून त्यात दोन दिवस भिजत घातली आणि दाबून बसवली. थेंब गळेना. पिळायच्या रुळांना ट्रॅक्टरची ट्यूब शिवून चढवली. रोगण उडालं होतं तिथे खिडक्यांचा उरलेला निळा रंग लावला. मशीनला निळे निळे ठिपके पडले. पोराला आवडतील, असं तिला वाटलं.

नवव्या दिवशी तिने ते ओसरीत आणलं, गरम पाणी ओतलं, खाकी साबण किसून टाकला आणि बटण दाबलं. मशीन एकदा हुंदका दिल्यासारखं हललं, मग गुरगुरत फिरायला लागलं. कुबात दारात उभा राहून बघत होता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"चालतंय की गं शहर!"

पहिल्या धुण्यात काय घालायचं, हे तिचं आधीच ठरलं होतं. या घरात ती आली तेव्हापासून एक गोष्ट तिच्या अंगवळणी पडली होती, की मोठ्यांच्या हातात काही द्यायचं तर ते धुऊन, घडी करून, दोन्ही हातांनी द्यायचं. मळकं देणं हा अपमान. झबल्यावरचे पिवळे डाग जुनाट होते. तिने दोन पाण्यांतून काढलं. पांढरं शुभ्र निघालं. मग तिने हलक्या हाताने इस्त्री केली आणि कोरड्या रुमालात गुंडाळून ठेवलं. हातांना क्रीम लावून ते दोन दिवस पाण्यात घातले नाहीत. स्वयंपाकही हातमोजे घालून केला. कुबात चेष्टा करत होता, पण भांडी तोच घासत होता.

अपा आली, ती थकून. एल्दियार तिच्या खांद्यावर झोपला होता. ओसरीत पाऊल टाकलं आणि निळे ठिपके पाहून ती उभीच राहिली.

"हे इथे कुणी आणलं?"

"मी, अपा. बघा तरी!" पेरिझातने बटण दाबलं. गुरगुर सुरू झाली. आवाजाने पोरगं जागं झालं, त्याने फिरतं पाणी पाहिलं आणि खिदळायलाच लागलं.

अपाचा चेहरा हळूहळू सैल झाला. ती पुढे आली, तिने मशीनच्या पिंपावर तळवा टेकला. आतलं पाणी तिच्या तळव्याला जाणवत असावं. ती हसली. पेरिझातने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"म्हातारी असती तर हार्टफेलने गेली असती," अपा म्हणाली. "एकतीस वर्षं! आणि तू बारा दिवसांत... दाखव तुझे हात."

पेरिझातने हात पुढे केले. अपाने ते उलटसुलट करून पाहिले. कोरडे होते. मऊ झाले होते. अपाने एल्दियारला खांद्यावरून उतरवलं आणि त्या हातांत दिलं.

पोरगं रडलं नाही. पेरिझातच्या मानेत नाक खुपसून ते मशीनकडे बघत राहिलं. आणि तिथेच पेरिझातने, सुख अंगात मावेना म्हणून, त्याला कडेवर घेतल्या घेतल्या आतून तो रुमाल आणला. एका हाताने देणं बरं दिसत नाही म्हणून पोराला क्षणभर खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी रुमाल पुढे केला.

"तुमचं, अपा. मशीनमध्ये होतं. सगळ्यात आधी हेच धुतलं."

अपाने रुमाल उघडला. ते शुभ्र झबलं बघून आधी तिच्या ओठांचे कोपरे हलले. मग तिने ते नाकाशी नेलं. एकदा. पुन्हा एकदा, डोळे मिटून, खोल. मशीन फिरतच होतं.

"धुतलंस?"

"दोन पाण्यांतून. डाग अगदी..."

"धुतलंस."

मग ती ओसरीच्या पायरीवर बसली. ओरडली नाही. पेरिझातला नंतर वाटत राहिलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेव्हा या घरात माझी म्हणून एक पेटीही नव्हती," अपा झबल्याशी बोलल्यासारखी म्हणाली. "जे कुणी उघडायचं नाही असं एवढंच होतं. एक्केचाळिसाव्या दिवशी म्हातारीने त्याला नेला. मी हे काढलं आणि आत ठेवलं. मेंढ्या व्यायला लागल्या की मी कोठारात जायची. गवत आणायला. वास यायचा त्याचा. मागच्या वर्षीसुद्धा यायचा."

कुबात दारात उभा होता. "वहिनी..." तो म्हणाला.

अपाने त्याच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की तो मागे सरला आणि गाडी धुवायचं निमित्त करून बाहेर निघून गेला.

"अपा, मला माहीत नव्हतं," पेरिझात म्हणाली. तिला रडू येत होतं. "मला वाटलं, तुम्हाला..."

"तुला कसं माहीत असणार? तू लहान आहेस. तुला दुसरं होईल." अपा उठली. झबलं तिने चुलीच्या बाजूला, हात पुसायच्या फडक्यांवर ठेवून दिलं, जणू ते त्यातलंच एक होतं. मग वाकून तिने एल्दियारला उचललं. "दुसरं तुझं. त्याला मी हात लावणार नाही. हा माझा."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, हात कोरडे झाले की..."

"म्हणाले होते. आता मशीन आहे ना? मग आणखी पुष्कळ धुता येईल."

शब्द तिने खरा केला. नणंदांची गाठोडी दुप्पट झाली. उरपियाकाकूही आपल्या चादरी घेऊन यायला लागल्या, मशीनच्या कौतुकाने. शनिवारी ओसरीत बायकांचा मेळा भरायचा. "काय सून मिळाली हो तुम्हाला! हातात कसब आहे!" अपा मान डोलवायची, लोण्यासारखी साय वाटीत काढून सगळ्यांना चहा द्यायची. पेरिझातचे हात पुन्हा पाण्यात होते. पाणी तेवढं आता गरम होतं.

एल्दियार दर शनिवारी मशीनपाशी येऊन उभा राहायचा. निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवायचा. "वहिनी, फिरव." ती बटण दाबायची. तो टाळ्या वाजवायचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सगळं धुणं आटोपलं आणि परातीत त्याचं एक बनियन राहिलं. छोटंसं, गळ्यापाशी दुधाचा डाग पडलेलं. पेरिझातने आजूबाजूला पाहिलं. ओसरीत कुणी नव्हतं. मशीनच्या पाठीमागचा पत्रा दोन स्क्रूंनी बसवलेला होता, स्क्रूड्रायव्हर तिच्या खिशातच असायचा. मोटारीच्या वर, पट्ट्याच्या पलीकडे, एक मूठभर कोरडी जागा होती. ती तिच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती.

तिने एक स्क्रू काढला. मग बनियन नाकाशी नेलं.

त्याला धूपझाडाचा वास येत होता. अपाच्या अंथरुणाचा, अपाच्या तपकिरीचा, तिच्या खारट चहाचा. पेरिझातने पुन्हा हुंगलं, डोळे मिटून, जितकं खोल जमेल तितकं. दुधाचा डागही गाईच्या नाही, अपा स्वतः पाजायची त्या घोडीच्या दुधाचा होता. तिचं स्वतःचं त्यात काही नव्हतं.

"झालं का गं पोराचं?" आतून अपाने हाक मारली.

"होतंय, अपा."

तिने स्क्रू परत घट्ट पिळला, बनियन पाण्यात सोडलं आणि बटण दाबलं.