सातशे तिसावा दिवस

“दीदी, आधी दरवाजा लावा,” अश्विनी म्हणाली.

मी लावला. भरणी बाजारची स्टाफची खोली म्हणजे साबणाच्या खोक्यांमागची चिंचोळी जागा. सहा लोखंडी कपाटं, एक आरसा, एक बाक. बाहेर दुकानात फुग्यांची माळ चढवणं चाललं होतं आणि कोणीतरी माइकवर “हॅलो, हॅलो, चेक” करत होतं. माझ्या हातात मॅनेजर निरंजन सरांनी दिलेला कागद होता. अकरा वाजता स्टेजवर मी काय बोलायचं ते त्यावर छापलेलं होतं. पाचच ओळी. पहिली होती, ‘भरणी बाजार हे माझ्या आईचं दुसरं घर होतं.’

अश्विनी बाकावर टेकली. तिच्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं.

“साडेदहाच्या आत आजच्या पानावर सही करून फोटो इंदूरच्या हेड ऑफिसला पाठवायचाय. माझ्याच्यानं नाही होत.”

“कसली सही?”

“अपघात नाही झाला म्हणून.”

“मग? झालाय का?”

“आज नाही.” तिने रजिस्टरवरचा हात काढला, परत ठेवला. “दीदी, मावशी पडल्या होत्या.”

मावशी म्हणजे माझी आई, कोकिळा. ती अकरा वर्षं इथे तीन नंबरच्या काउंटरवर होती आणि अश्विनी चार वर्षं तिच्या शेजारी दोन नंबरवर. आईला जाऊन सहा आठवडे होत आले होते. तेराव्याला अश्विनीने सगळी पंगत वाढली, पण माझ्या ताटापाशी आली की मान खाली. मला ते दुःख वाटलं होतं.

“कुठे पडली?”

“इथंच. मागच्या गोडाऊनात. केळी वेफरचे बॉक्स काढायला घोडीवर चढल्या होत्या. वो चार पैर वाली सीढ़ी. तिच्या एका पायाचं रबर निघालंय. सरकली. मावशींचं डोकं रॅकच्या कोपऱ्यावर बसलं.”

“कधी?”

“मंगळवारी.”

आई शुक्रवारी गेली.

मी उभीच होते. बाकावर जागा होती तरी बसले नाही. त्या मंगळवारी संध्याकाळी आईने मला केसांना हात लावू दिला नव्हता. रोज आठ वाजता मी तिच्या डोक्याला तेल लावायची. त्या दिवशी म्हणाली, राहू दे ग, आज झोपते. बुधवारी उलट्या झाल्या. गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी तीनदा विचारलं. पडल्या होत्या का? डोक्याला मार? कुठे आपटलं असेल? तिन्ही वेळा मीच ‘नाही’ म्हणाले. आई तेव्हा शुद्धीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मग दिवसभर रक्तदाबाचे उपचार झाले. डोक्याचा फोटो निघाला तो शुक्रवारी पहाटे.

“तू हॉस्पिटलात आली होतीस,” मी म्हणाले. “माझ्याशेजारी बसली होतीस.”

“त्यांनी कसम घातली होती, दीदी. स्वतःच्या गळ्याची. म्हणाल्या, दीड महिना राहिलाय, सत्तर लेकरांचं नुकसान करू नको. मला काय माहीत अंदरसे खून... मला वाटलं टेंगूळ आहे, उतरेल.” ती रडत नव्हती. रडून संपलेलं माणूस बोलतं तशी बोलत होती.

सत्तर लेकरांची गोष्ट मला ठाऊक होती, कारण घरी वर्षभर दुसरा विषय नव्हता. देडतलाईच्या शाळेत डोळ्यांची तपासणी झाली होती, एकशे चाळीस मुलांना चष्मा हवा होता. कंपनीने जाहीर केलं होतं की जी शाखा सातशे तीस दिवस एकही अपघात होऊ देणार नाही, तिच्या गिऱ्हाइकांच्या वर्गणीतून जितके चष्मे होतील तितकेच कंपनी स्वतः देईल; म्हणजे वर्गणीतून सत्तर जमले की कंपनीचे सत्तर. वर्गणी गोळा करण्यात आईचा हात कोणी धरत नसे. ‘काका, तीनशे शहाण्णव झाले, चारशे करू? देडतलाईच्या पोरीला फळा दिसेल.’ केळीचे एक अडते कायम तिच्याच रांगेत उभे राहायचे आणि कुरकुरायचे, “कोकिळाबाई, ती पोरगी तुमची कोण लागते?” आई बिल फाडता फाडता म्हणायची, “माझी नाही, तुमची. तुम्ही विसरलात.” रांग हसायची आणि अडते सुटे परत मागायचे नाहीत. तीन वर्षं सलग इंदूरहून तिला प्रमाणपत्र आलं. आणि इतकी नेटकी बाई दुसरी नाही म्हणून सुरक्षेचं रजिस्टरही तिच्याकडेच दिलेलं होतं; ती गेल्यावर ते अश्विनीकडे आलं.

“दाखव,” मी म्हणाले.

अश्विनीने पान काढलं. दिवस सहाशे अठ्ठ्याऐंशी. शिड्या तपासल्या, आग विझवायचं नळकांडं तपासलं, फरशी कोरडी. सगळीकडे आईची बरोबरची खूण. खाली ‘अपघात’ या शब्दापुढे तिचं ते गोल, शाळेत गिरवल्यासारखं अक्षर: निरंक. काहीही घडलेलं नाही. त्याखाली तिची सही आणि तिच्याखाली, साक्षीदार म्हणून, अश्विनीची.

निरंकमधला ‘र’ थोडा कलला होता. बाकी अक्षर रोजच्यासारखंच होतं.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला वाटून काय होतंय. खरं लिहिलं तर मला काढतील. नाही लिहिलं तर...” तिने आरशाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. “तुम्ही सांगाल ते. मावशी तुमच्या होत्या.”

मला राग यायला हवा होता. तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. आईनेच हे ठरवलं होतं. मरताना माणसाने एक गोष्ट झाकून ठेवली असेल तर ती उघडणारी मी कोण? एकदा वाटलं, सही कर म्हणावं. पाच ओळी वाचाव्यात, शाल घ्यावी, घरी जावं.

“दहा मिनिटं दे,” म्हणून मी बाहेर आले.

डाळींच्या रांगेपाशी निरंजन सर भेटले. पस्तिशीचा माणूस, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. “ज्योत्स्नाजी, कागद वाचला ना? चौथी ओळ थोडी हळू बोला. इंदूरचे साहेब रस्त्यात आहेत. बच्चे लोगांची बस पण येतेय.” मी मान हलवली. ते माइकवाल्याकडे धावले.

प्रवेशाजवळ छताला माळ बांधायचं काम चालू होतं. बांधणारे लोटूकाका, इथले सगळ्यात जुने हमाल, साठीला आलेले. ते एका उंच ॲल्युमिनियमच्या घोडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर होते आणि अजून वर हात पुरत नव्हता म्हणून टाचा उचलत होते. घोडीचे तीन पाय काळ्या रबरावर उभे होते. चौथ्याखाली पुठ्ठा घडी करून घातला होता. फरशी नुकतीच पुसलेली होती.

“काका,” मी म्हणाले. मोठ्याने ओरडायला भीती वाटली. “हीच का ती?”

त्यांनी खाली पाहिलं. मला ओळखलं. काय विचारलं तेही ओळखलं. सुतळीचं टोक त्यांच्या दातात होतं, ते त्यांनी काढलं.

“हीच माय. दुसरी कुठं आहे?”

“नवी नाही मागितली?”

“कितल्या खेपा मागितली. वरचे म्हणतात, दोन वर्षांत कोणी गिरलं नाही, मग घोडीला काय रोग झाला? जुनी चांगली असताना नवी कशाला.” ते परत वर वळले. “तू बाजूला सरक. गिरलो तर तुझ्यावर येईन.”

ते टाच उचलायला गेले आणि घोडी हलली. जेमतेम बोटभर. पुठ्ठा फरशीवर चुळबुळला.

मी जाऊन दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. माझं सगळं वजन त्या पुठ्ठ्याच्या बाजूला टाकलं. वर काकांना गाठ मारायला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. माझ्या नाकासमोर त्यांच्या चपला होत्या, एकीचा अंगठा तारेने शिवलेला. मग एकेक पायरी करत ते उतरले आणि फरशीवर पाय टेकल्यावर म्हणाले, “त्या रोजी मी चहा प्यायला गेलो होतो. नाही तर मीच धरतो ना.”

“आता परत चढू नका.”

“अजून एक टोक बांधायचंय.”

“लोंबू द्या.”

मी स्टाफच्या खोलीत परत आले. अश्विनी तशीच बसली होती.

“लिही,” मी म्हणाले.

रजिस्टरच्या मागच्या बाजूला अपघातासाठी वेगळी पानं होती. दोन वर्षांत कोणी ती उलटलेली नव्हती, कोरी पानं कडेला एकमेकांना चिकटली होती. अश्विनीने नखाने ती सोडवली. ‘जखमीचे नाव’ लिहून झालं तेवढ्यात दार उघडलं.

“अश्विनी, फोटो कुठंय? दहा वीस झाले,” म्हणत निरंजन सर आत आले, आणि त्यांना पान दिसलं. नाव वाचून त्यांनी मागचं दार लावून घेतलं.

“ये क्या है?”

“मावशी पडल्या होत्या सर. दिवस सहाशे अठ्ठ्याऐंशी.”

“मला कोणी सांगितलं नाही.” ते खरं असावं. त्यांचा चेहरा उतरला तो आमच्यासमोरच. त्यांनी कपाटाला हात टेकला, मग माझ्याकडे वळले. “ज्योत्स्नाजी, झालं ते फार वाईट झालं. मी कोकिळाताईंच्या हाताखाली बिलिंग शिकलोय. पण आज नका. सत्तर चष्मे कॅन्सल होतील. बच्चे अर्ध्या रस्त्यात आहेत. त्यांना काय सांगू, आधे उतरो, आधे वापस जाओ?”

“ते मला माहीत नाही.”

“आणि हे बघा, निरंक त्यांनी स्वतः लिहिलंय. त्यांच्या हाताने. हे पान इंदूरला गेलं की सगळे म्हणतील, कोकिळाताईंनी खोटं लिहिलं. भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवतील. तुम्ही स्वतःच्या आईला खोटं पाडणार?”

खोलीत पंखा नव्हता. बाहेर माइकवर कोणीतरी नावं वाचून बघत होतं, देडतलाईच्या मुलांची, एकेक, उच्चार चुकू नयेत म्हणून. ही यादी आईला पाठ होती. तिने मला म्हटलं असतं, जाऊ दे ग, मी काय आता परत येणार आहे का.

“हो,” मी म्हणाले. “तिने खोटं लिहिलं. आणि ते खोटं धरून तुमचे लोटूकाका आत्ता त्याच घोडीवर चढले होते. पुठ्ठा लावून. ओल्या फरशीवर. मी धरून उभी होते. आज मी होते. उद्या कोण?”

त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो वाजू दिला.

“माझी नोकरी जाईल,” ते हळू म्हणाले.

“माझी पण, सर,” अश्विनी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मग तिने बाकावर थोडं सरकून त्यांना जागा केली. ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

“सत्तर तरी वाटू,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “गिऱ्हाइकांचे आहेत, ते कोणी थांबवू शकत नाही. बाकीच्यांची यादी...” ते थांबले. त्यांनी माझ्या हातातला पाच ओळींचा कागद घेतला आणि चार घड्या करून खिशात ठेवला.

अश्विनी लिहीत गेली. ती एकेक रकाना मोठ्याने वाचायची, मी सांगायची. वय, बावन्न. ठिकाण, गोडाऊन, वेफरचा रॅक. कारण, शिडीच्या पायाला रबर नाही. दुखापत, डोक्याला, उजव्या बाजूस. परिणाम, या शब्दापुढे तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तिने तो शब्द लिहिला, अक्षर न हलू देता. साक्षीदार, स्वतःचं नाव.

मग ती अडली.

“‘कामावर परत रुजू, दिनांक व वेळ.’ इथं काय लिहू?”

“रेघ मारा,” निरंजन सर म्हणाले. “तिथं रेघ मारतात.”

“नाही सर.” अश्विनीने पेन उचलून धरलं. “आल्या होत्या ना. दोन घोट पाणी प्यायल्या, पदराने डोकं दाबलं, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. काउंटरवर एक बाई उभी होती, कडेवर लेकरू घेऊन. मावशी म्हणाल्या, तिला किती उभं ठेवायचं.”

“किती वाजले होते?” मी विचारलं.

“तीन पंचवीस. पडल्या तेव्हा तीन वीस झाले होते.”

तिने रकान्यात लिहिलं: त्याच दिवशी, दुपारी ३.२५.