कोरा तुकडा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांच्या घरातली हवा मोजायला जाते आणि ते पाहुणी आली म्हणून कौतुकानं खिडक्या उघडतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. अहो, खिडक्या उघडल्यावर मोजू काय, कपाळ? पण त्या दिवशी मी चिडले ती स्वतःवर.

जमिनीतल्या दगडांतून रेडॉन नावाचा वायू झिरपतो. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून घरात येतो, बंद खोलीत साचतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तो मोजायला मी घरोघरी डबी टांगते. डबीत नखाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा असतो. तीन महिन्यांनी तो कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की भोकं दिसतात. एक अणू फुटला, त्यातला कण तुकड्यावर आदळला, एक भोक. वीस वर्षं बघतेय, तरी अंगावर काटा येतो. कुणी चहा पीत बसलेलं असताना त्याच्या नाकासमोर हे घडलेलं असतं आणि त्याला पत्ताही नसतो.

प्रत्येक खेपेला काही तुकडे कोरे ठेवायचे असतात. ते कुठंच टांगायचे नाहीत, फॉइलच्या पाकिटात सीलबंद ठेवायचे, आणि त्यांच्यावर जी दोन-चार भोकं निघतील ती बाकीच्यांतून वजा करायची. यंदा ऑफिसात रंगकाम निघालं म्हणून त्यातलं एक पाकीट मी घरी आणलं. तुकडे मोजायला फोडलं, कडा नुसती दुमडली आणि मुलीच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर टाकून दिलं. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी तिची खरडपट्टी काढली असती.

तीन महिन्यांनी ते ऑफिसात नेऊन त्यातला तुकडा बघितला, तर त्याची पार चाळण झालेली. आमच्या ऑफिसातले कायम घाईत असलेले साहेब म्हणाले, माल खराब आला असेल, फेकून द्या. मीही तसंच लिहायला पेन उचललं. मग सहज त्याच खेपेतलं, ऑफिसातच राहिलेलं दुसरं पाकीट फोडलं. तो तुकडा स्वच्छ निघाला.

माल चांगला होता, खराब होती ती खोली. अर्धी जमिनीखाली, शांत, अभ्यासाला बरी म्हणून मीच हट्टानं लेकीला दिलेली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता सतरा पूर्ण. दुनियेची घरं मोजत फिरले आणि आपलं मोजायचं माझ्या मनातही आलं नाही.

अर्धी रजा टाकून, पंप, मोजणीयंत्र आणि तो चाळण झालेला तुकडा घेऊन घर गाठलं. खोली सकाळपासून बंदच होती. रेडॉन फुटला की त्याचे घन कण होतात आणि धुळीला चिकटतात. फुप्फुसात बसतात ते हेच. दहा मिनिटं पंपानं हवा ओढली, गाळणीचा पांढरा कागद काढून यंत्रात ठेवला. कागदावर डाग म्हणून नव्हता. आणि यंत्र थांबायलाच तयार नाही असं वाजायला लागलं. आकडा सुरक्षित म्हणतात त्याच्या चौपट होता.

तेवढ्यात लेक कॉलेजातून आली. माझं तोंड बघून तिनं दप्तर दारातच ठेवलं. मी सगळं सांगितलं, माझ्या गाढवपणासकट. ती रडेल, भांडेल असं वाटलं होतं. ती यंत्राजवळ येऊन बसली.

"प्रत्येक आवाज म्हणजे एक अणू?"

"एक अणू. वाजला की संपला, त्याचं दुसरंच काहीतरी झालं."

आम्ही दोघी ऐकत राहिलो. अर्ध्या-पाऊण तासात आवाज निम्म्यावर आले. कुणी हात लावला नव्हता, काही पुसलं नव्हतं. पृथ्वी झाली तेव्हापासून दगडात सुरू असलेली ही मोडतोड लेकीच्या पलंगाशेजारी बसून विरत चालली होती. मला भीती वाटत होती, आणि लाज वाटते सांगायला, पण ते फार सुंदरही वाटत होतं. लेकीचेही डोळे विस्फारले होते.

तिनं कपाटातून शाळेतला सूक्ष्मदर्शक काढला आणि माझ्याकडून तो तुकडा मागून घेतला. काही गोल खड्डे, काही तिरके आदळलेले, थेंबासारखे लांबट. ती मोजायला लागली. साठापर्यंत गेली आणि थांबली.

फरशीखालून पाइप टाकून, पंखा लावून हा वायू बाहेर ओढता येतो, हे मी तिला सांगत होते. महिन्याभरात काम होईल, आकडा खाली येईल. तिनं मान हलवली, पण डोळा भिंगावरच होता.

"आई, हा तुकडा फेकू नकोस," ती म्हणाली. "बिचाऱ्यानं माझ्याऐवजी मार खाल्ला."

हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. तोंडावर आलंही होतं.

"तुझ्याऐवजी नाही गं," मी म्हटलं. "तुझ्याबरोबर."

ती उठली, पलंगावरची पुस्तकं खाली ठेवली, पलंगाची एक बाजू उचलली आणि पलंग वर न्यायला मला दुसरी धरायला सांगितली.